तीन हात सावली

माझ्या शिक्षणाबद्दल सरकारी शिक्क्याचे दोन कागद आहेत. पहिला विद्यापीठाचा. मी बी. ए. झालो असं त्यावर लिहिलेलं आहे. तो मी काचेच्या चौकटीत घालून भिंतीला लावला आहे. दुसरा कोर्टाचा. त्यात माझ्याबद्दल एकच वाक्य आहे. तो मी भिंतीला लावलेला नाही.

हा दुसरा कागद अहेरीत, माझ्या घरमालकिणीच्या सांदवाडीत लिहिला गेला. सांदवाडी म्हणजे घरामागचं आवार. लिहिणारे गृहस्थ एका विटेवर बसले होते, आणि ती वीट तिच्या जागेवरून मीच हलवलेली होती. पण ते पुढे येईल. आधी बाई.

सगळी अहेरी तिला नुसतं बाई म्हणे. आमच्याकडे आईला, आजीला आणि देवीला एकेरीतच बोलतात, म्हणून मीही इथे तिला एकेरीतच लिहितो आहे. तोंडावर मात्र 'तुम्ही' म्हणायचो. कारण मी बी. ए. होतो.

हे बी. ए. प्रकरण जरा सांगायला हवं. आमच्या घराण्यात तळ्यात जाळं टाकणारे आणि धानाच्या बांधीत चिखल तुडवणारे लोक होऊन गेले. शाळेची पायरी चढलेला पहिला मी. कॉलेजचा जिना तर आमच्या अख्ख्या गावात कोणी पाहिला नव्हता. अहेरीला मास्तरकी मिळाली तेव्हा मी एक लोखंडी पेटी विकत घेतली आणि पेंटरकडून तिच्यावर पांढऱ्या रंगात नाव घालून घेतलं. नाव लहान, 'बी. ए.' मोठं. पेंटर म्हणाला, "भाऊ, नाव दिसून नाई राह्यलं. मोठं करू का?" मी म्हणालो, राहू द्या.

ती पेटी डोक्यावर घेऊन हमाल बाईच्या दारात उभा राहिला. बाई साठीला टेकलेली, काटकुळी, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरायला लागलेला. काही बघायचं झालं की मान तिरपी करून कोंबडीसारखं एका डोळ्याने बघायची. तिने मला पाहिलंच नाही. पेटी पाहिली. वरून हात फिरवला, खाली वाकून बुडावर टकटक केलं.

"बूड चांगलं हाय," ती म्हणाली. "काय लिवलं गा इच्यावर?"

"बी. ए."

"म्हंजे इंग्रजी वाचता येते?"

"येतं."

"कोर्टाचा कागद?"

"कुठलाही कागद." असं मी म्हणालो. हे मला आजही लख्ख आठवतं.

"मंग राय. भाड्याचं मागून पाहू. पेटी रिकामी झाली का मले देजो."

तिला पेटी कशाला हवी ते दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं. मागचं दार उघडलं तर समोर, आवाराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, झाडंच झाडं. पण एकही जमिनीत नाही. रॉकेलचे डबे, कान तुटलेला हंडा, अर्धा फुटलेला रांजण, शेणाने लिंपलेल्या बुरडी टोपल्या, मधे पोखरलेला सागाचा एक ओंडका. मागे उंच, पुढे बुटके, मधल्या फटीत वेल. प्रत्येकाच्या खाली दोन विटा. या सगळ्याच्या पाठीमागे, नीट बघितलं तरच दिसेल असं, बांबूच्या तट्ट्यांचं पुरुषभर उंच कुंपण. आणि कुंपणापलीकडून वर आलेला एक जंगी मोह, ज्याची सावली दिवसभर त्या रांगेवर.

"वा बाई, बाग छान केली," मी म्हणालो.

"बाग नोहोय थे," बाई म्हणाली. "थे तोंड झाकून ठेवलं हाय."

तोंड कुंपणाचं. गोष्ट अशी की त्या घराचे दोन भाग होते. एका भागात बाई, दुसऱ्या भागात तिची धाकटी जाऊ. दोघी विधवा. सोळा वर्षं दोघींनी एका चुलीवर सैपाक केला. नवरे गेले, चुली वेगळ्या झाल्या, तरी आवार एकच होतं आणि मोहही एकच. मग एका शिवरात्रीला बाई मार्कंड्याच्या जत्रेला गेली. तीन दिवसांनी परत आली तर आवाराच्या मधोमध कुंपण. जावेचे भाऊ कोरपन्याहून येऊन ते ठोकून गेले होते. वर त्यांचं म्हणणं, की कुंपणाच्या अलीकडचे तीन हातही आमच्याच बहिणीचे, आम्ही उदार म्हणून सोडले. बाईचं म्हणणं, कुंपणच माझ्या जागेत.

बाईने केस टाकली. निकाल बाईच्या बाजूने लागला तर कुंपण निघणार आणि मोह पुन्हा दोघींचा होणार. जावेच्या बाजूने लागला तर कुंपण तीन हात पुढे सरकून बाईच्या मागच्या दाराच्या अगदी तोंडाशी येणार. तेवढ्या जागेत कुंडी सोडा, तांब्या ठेवायलाही वाव राहणार नव्हता. तोवर कोर्टाचा हुकूम असा, की त्या तीन हातांत कोणी खणायचं नाही, लावायचं नाही, बांधायचं नाही, आणि कुंपणालाही हात लावायचा नाही.

म्हणजे बाईला कुंपण पाडता येईना आणि बघवेना. तिने वकिलाला विचारलं, जमीन कोर्टाची, पण जमिनीच्या वरचं काय? वकील घाईत होता. म्हणाला, जमिनीला न लावता काय ठेवायचं ते ठेवा. बाई तिथून परत आली ती पिशवीत चार विटा घेऊनच.

तेव्हापासून तिचा नियम: डब्याखाली दोन विटा, आणि दोन विटांच्या मधून हात आरपार गेला पाहिजे. रोज सकाळी तोंड धुण्याआधी ती उकिडवी बसून प्रत्येक कुंडीखालून हात घालून बघायची. "खालून वारा गेला पायजे. वारा गेला म्हंजे जागा रिकामी."

पण मोहाच्या गच्च सावलीत झाड टिकत नाही. फुलणारं झाड तिथे आठ दिवसांत पिवळं पडतं, उजेडासाठी मान लांब करून वेडंवाकडं होतं. त्यावर बाईने कोर्टाचाच उपाय काढला होता. तारखा. प्रत्येक झाडाने आठ दिवस कुंपणासमोर हजर राहायचं, मग पंधरा दिवस घरासमोर रस्त्याच्या बाजूला, उन्हात. दर सोमवारी अदलाबदल. बाईला अक्षर येत नव्हतं, पण कोणाची तारीख कधी हे तिला कधी चुकलं नाही. "झेंडूले हजर कर गा मास्तर. गुलबासाले सोड, त्याची तारीख झाली."

आणलेली-नेलेली झाडं घरातून, माझ्या खोलीतून जात. नेणारा मी. एका सोमवारी मी कान तुटलेला हंडा छातीशी धरून पुढच्या दारातून बाहेर पडलो, तर रस्त्यावर आमचे हेडमास्तर.

"मास्तर, बदली झाली की काय?"

"माझी नाही, सर. झेंडूची."

शाळेत हे पुढे महिनाभर चाललं.

झाडांची नावंही कोर्टातली. नेचा म्हणजे जज्ज: सावलीत बसतो, बोलत नाही, आपल्याच वेळेने उलगडतो. कारल्याचा वेल वकील: जो आधार देईल त्याला धरतो. कोचई म्हणजे चपराशी. पुण्यामुंबईकडे जिला अळू म्हणतात ती ही कोचई. कुठेही उभी करा, तक्रार नाही.

मोह गळायच्या दिवसांत तर बाईचा कायदा बघण्यासारखा. चैत्राच्या तोंडाशी मोह उघडाबोडका होतो आणि पहाटेपासून फुलं टपटपायला लागतात. कोर्टाच्या तीन हातांत पडलेली फुलं उचलायची कोणाची टाप नव्हती. ती तिथेच कुजायची आणि सगळ्या गल्लीला वास सुटायचा. पण बाई म्हणायची, "जमिनीवर पडला थो कोर्टाचा. कुंडीत पडला थो माझा." त्या दिवसांत कुंड्यांची तोंडं एकाएकी रुंद व्हायची, कारण प्रत्येकीवर एक सूप ठेवलेलं असायचं. ती फुलं भाजून, तिळात कुटून बाई लाडू करायची आणि मला द्यायची. पदवीधराने मोहाचे लाडू खावेत का, असा विचार माझ्या मनात यायचा. दुसरा लाडू खाताना यायचा.

जावेला मी पहिली दोन वर्षं पाहिलंच नाही. बांगड्या ऐकल्या, खोकला ऐकला, तट्ट्याच्या फटीत कधी कधी एक डोळा दिसला. दोघी एकमेकींशी चकार शब्द बोलत नव्हत्या. पण जाऊ तिच्या शेळीशी मोठ्याने बोलायची आणि बाई तिच्या कोचईशी.

"बरं झालं वं माय," पलीकडून शेळीला उद्देशून यायचं, "तुले कोनी डब्ब्यात लावलं नाई."

"ऐक गा चपराशी," बाई इकडून कोचईला सांगायची, "कोनाची शेरडी लय बोलते. तू लक्ष नोको देऊ."

असं रोज. पाच वर्षांत एक शब्द बोलल्या नाहीत आणि एक दिवस भांडणावाचून गेला नाही.

आता माझं. बाईने मला खोली दिली ती कागद वाचायला, आणि पहिल्याच आठवड्यात फडक्यात बांधलेला गठ्ठा माझ्यापुढे आणून ठेवला. ते इंग्रजी मी बी. ए.ला शिकलो त्यातलं नव्हतं. एक एक वाक्य पान ओलांडून जायचं आणि पलीकडे गेल्यावर आपण कुठून निघालो ते आठवायचं नाही. मी बराच वेळ भुवया आक्रसून बसलो.

"काय लिवलं?"

"म्हणजे... कोर्ट विचार करत आहे."

"थे तं वकीलही सांगते," बाई म्हणाली. पण तिने गठ्ठा पुन्हा नीट बांधला आणि पुढच्या वेळी पुन्हा मलाच आणून दिला. पेटीवरची अक्षरं तिला वाचता येत नव्हती, पण ती तिने मानली होती. मला ते तेव्हा आपल्या हक्काचं वाटायचं.

माझ्या दुसऱ्या पावसाळ्यात बाई केसच्या तारखेला चांद्याच्या कोर्टात गेली. तारीख झाली की तिथल्या दवाखान्यात डोळेही दाखवणार होती. जाताना मला दोन गोष्टी सांगून गेली. "तारखा चुकवू नोको. इटा हलवू नोको." ती गेली, आणि मागोमाग नाले भरले, रस्ता बंद पडला. बाई महिना-दीड महिना भाचीकडे चांद्यातच अडकली.

पहिले दोन सोमवार मी इमानाने हजेरी घेतली. तिसऱ्या सोमवारी कोचईचा डबा उचलला आणि विटेखालच्या विंचवाने माझ्या बोटाला डंख मारला. त्या दिवशी मी हात कोपरापर्यंत पाण्यात बुडवून बसलो आणि ठणका सोसता सोसता विचार केला. पदवीधर माणसाने दुखऱ्या बोटाने विचार करू नये, हे मला कोणी शिकवलं नव्हतं. मी ठरवलं की ही सगळी व्यवस्थाच अडाणी आहे. कोचईला सावली आवडते, मग तिला ऊन दाखवायला कशाला न्यायचं? आणि विटा म्हणजे विंचवांची धर्मशाळा. मी कोचईच्या चारही डब्यांखालच्या विटा काढल्या आणि डबे सरळ जमिनीवर टेकवले. बाईला कळू नये म्हणून त्या विटा डब्यांच्या पुढे ओळीत रचल्या. समोरून बघणाऱ्याला डबे विटांवरच आहेत असं वाटावं. एवढी अक्कल मला होती, हे इथे नमूद करतो.

बाई परतली तेव्हा कोचईची पानं सुपाएवढी झाली होती. कुंपणाचा एक तट्टा दिसेल तर शपथ. बाईने पानांवरून हात फिरवला.

"मातली ना गा मास्तर! काय केलं तू?"

मी व्याख्यान दिलं. सावलीची झाडं वेगळी, उन्हाची वेगळी, सारखं हलवल्याने मुळांना त्रास होतो, तेव्हा कोचईला तारखा बंद करून तिथेच कायम करावं.

"तू सोता कायम झाला का?"

"अजून नाही. टेंपरवारीच आहे."

"अन् चपराशाले कायम करून राह्यला." पण ती हसली. तिचे गुडघे दुखत होते. सकाळी ती उकिडवी बसायला लागली तेव्हा मी म्हणालो, "कोचईखालचं मी रोज बघतो, बाई. तुम्ही बाकीच्या बघा." तिने एका डोळ्याने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "बरं." त्या दिवसापासून तिने कोचईच्या डब्यांखाली हात घातला नाही.

मीही घातला नाही.

दिवाळीनंतर जावेच्या भावांच्या वकिलाने कोर्टात अर्ज दिला, की बाईने हुकूम मोडून त्या जागेत झाडं लावली आहेत. कोर्टाने जागा बघून अहवाल द्यायला एक तरुण वकील नेमला. अशा माणसाला कमिशनर म्हणतात. तो फीत, कागद आणि एक चपराशी घेऊन सकाळी हजर झाला. बाई नवं लुगडं नेसून वाटच बघत होती. तिला इतकं खूश मी कधी पाहिलं नव्हतं. तिच्या पाच वर्षांच्या कायद्याची आज परीक्षा होती आणि तिचा अभ्यास पक्का होता.

"उचला साहेब," ती म्हणाली. "एकूण एक उचलून पाहा. एक जरी डब्बा जमिनीले चिकटलेला निंगाला, तं हे तीन हात तिले देऊन टाका. माझ्या नावानं लिवून घ्या."

"बाई, असं काही बोलू नका," मी पुटपुटलो.

"तू गप राय गा."

चपराशाने झेंडू उचलला. खाली दोन विटा, मधून उजेड. जज्जसाहेब उचलले. वकील उचलला. कमिशनर प्रत्येक वेळी कागदावर खूण करत होता आणि बाई प्रत्येक वेळी कुंपणाकडे बघून मोठ्याने "हं!" म्हणत होती. मग चपराशी कोचईकडे आला. त्याने एका हाताने डबा ओढला. मग दोन हातांनी. मग पाय रोवून.

"साहेब, हा नाही येत."

त्याने हिसका दिला. आणि डबा आला. कोचई नाही आली. पत्र्याचा डबा त्याच्या हातात होता, गंजलेलं बूड खाली राहिलं होतं आणि त्यातून बोटाएवढी पांढरी मुळं कोर्टाच्या जमिनीत खोल उतरली होती. चार-सहा धुमारे कुंपणाच्या खालून पलीकडे गेलेले स्पष्ट दिसत होते. डबा गेला तरी चपराशी कोचई जागेवर ताठ उभी होती.

बाई खाली बसली. मान तिरपी करून तिने एका डोळ्याने बघितलं, मग डोळ्यावर भरवसा नसल्यासारखा हात घातला. हात विटेला लागला नाही. मातीला लागला.

"इटा कुठी गेल्या?" ती म्हणाली. कोणालाच नाही.

"बाई," कमिशनर म्हणाला, "ही तुम्ही लावली ना?"

ही माझी बोलायची वेळ होती. शाळेत घंटा झाली तरी माझं तोंड थांबत नसे. गावात कोणत्याही विषयावर कोणी न विचारता मी बोलत असे. त्या वेळी माझ्या डोक्यात एवढंच होतं, की मी टेंपरवारी आहे, सरकारी नोकर आहे, आणि कोर्टाच्या कागदावर माझं नाव चढलं तर मी कायम व्हायच्या आधीच घरी जाईन. घरी म्हणजे तळ्यावर. मी गप्प राहिलो. किती वेळ ते सांगता येणार नाही. बाई माझ्याकडे बघून पुन्हा खाली बघण्याइतका वेळ.

मग बाई म्हणाली, "लिवा साहेब. माझी सांदवाडी, माझा डब्बा. म्याच लावली."

कमिशनरने लेखणी कागदावर टेकवली, आणि कुंपण बोललं.

"खोटं हाय थे!"

आम्ही सगळे वळलो. तट्ट्याच्या फटीत डोळा होता.

"खोटं बोलून राह्यली थे! तिनं नाई ठेवला. त्या बीए मास्तरानं ठेवला. थे चांद्याले होती तवा. म्या पायलं ना इथून. इटा काढल्या अन् पुढी रांगेनं रचल्या, तिले समजू नाई म्हणून. तिचं नाव नोका लिवू साहेब. आंधळी हाय थे, चोर नाई!"

कमिशनरला हे समजेना. अर्ज त्याच बाजूने आलेला, आणि तीच बाजू आता अर्ज खोडत होती. पण बाई उठून उभी राहिली होती. पाच वर्षांत पहिल्यांदा ती कोचईशी न बोलता सरळ कुंपणाशी बोलली.

"आंधळी कोनाले म्हणतं वं?"

"तुलेच! डोळे दाखवाले गेली अन् न दाखवता वापस आली!"

"तुले कोनं सांगतलं?"

"सांगाले कायले पायजे? दवाखान्याच्या पायरीवरून वापस येणारी बाई तू. मी वळखत नाई का तुले?"

"अन् तू? हे माझी कोचई तिकडं आली थे दिसली नाई तुले? खाल्ली का नाई?"

"खाल्ली! तीन डाव वड्या केल्या."

"गळा नाई खाजवला?"

"काऊन खाजवन? चिंच टाकली ना." मग खालच्या आवाजात आलं, "तूच तं शिकवलं होतं."

बाई पदर तोंडाला लावून उभी राहिली. मग एकदम म्हणाली, "मंग मले काऊन नाई देल्या?" आणि तिथून जे सुरू झालं ते तासभर थांबलं नाही. जत्रेचा दिवस, कोरपन्याचे भाऊ, कोणाच्या बाळंतपणात कोण आलं नाही, एक पितळी परात. पाच वर्षांचं साठलेलं सगळं त्या तट्ट्याच्या फटीतून इकडून तिकडे आणि तिकडून इकडे. कमिशनर दमून मी रचलेल्या ओळीतल्या एका विटेवर बसला.

तेव्हा मी पुढे झालो आणि छाती काढून म्हणालो, "साहेब, डबा मीच ठेवला." सगळ्यांना कळून चुकल्यावर मी सत्य सांगितलं. तेवढा प्रामाणिकपणा माझ्यात पहिल्यापासून आहे.

"शिक्षण?" त्याने विचारलं.

"बी. ए."

त्याने माझ्याकडे बघितलं, मग बूड नसलेल्या डब्याकडे बघितलं आणि लिहिलं. ते वाक्य मला पाठ आहे: 'सदर डबा भाडेकरूने, तो बी. ए. असताही, निव्वळ अज्ञानाने जमिनीवर ठेवला असून त्यात वादीचा कोणताही हेतू दिसून येत नाही.' त्याच्या खाली, प्रतिवादीने सदर झाडाची पाने तीन वेळा खाल्ल्याचे कबूल केले, असंही होतं.

त्या एका वाक्याने बाईची केस वाचली. माझ्या शिक्षणाने तिचं काही भलं झालं नव्हतं. ते माझ्या अज्ञानाने झालं, आणि तेही सरकारी शिक्क्यानिशी. नोकरीवरही काही आलं नाही. हेडमास्तरांच्या कानावर गोष्ट गेली तेव्हा ते एवढंच म्हणाले, "अज्ञान ना? मग आपल्या नियमात बसतं."

बाई आठ दिवस माझ्याशी बोलली नाही. काही सांगायचं झालं तर जज्जला सांगायची आणि मी ऐकायचो. नवव्या दिवशी सोमवार होता. ती दारात येऊन म्हणाली, "झेंडू." मी उठलो आणि झेंडू उचलला. मी त्या दिवशी बोलायला हवं होतं, हे मी तिला कधी म्हणालो नाही आणि तिनेही कधी काढलं नाही.

केस मात्र चालूच राहिली. मधल्या काळात आमचा अख्खा जिल्हा मध्यप्रदेशातून उठून मुंबई राज्यात गेला. बाईचे तीन हात जागचे हलले नाहीत. हललं ते कुंपण. हुकुमामुळे त्याला कोणी डागडुजी करू शकत नव्हतं, आणि वाळवीला कोर्टाचा हुकूम लागू नव्हता. एका सकाळी मधले चार तट्टे जागच्या जागी बसले. दोघी आपापल्या दारातून बाहेर आल्या, पडलेल्या तट्ट्यांकडे बघत उभ्या राहिल्या. उचलायची कोणाला परवानगी नव्हती. कुंड्यांची रांग तेवढी उभी होती, आता कशालाच न झाकता.

मोहाच्या पलीकडे जावेच्या अंगणात चांगलं ऊन पडायचं. ते आम्हाला कुंपण पडल्यावर दिसलं. पुढच्या सोमवारी बाई म्हणाली, "गुलबासाची तारीख तिकडं." मी डबा घेऊन पडक्या तट्ट्यांवरून पलीकडे गेलो आणि जावेला पहिल्यांदा अख्खी पाहिली. ठेंगणी, गोल, हातात केरसुणी.

"ठेव तिथी," ती म्हणाली. "अन् बीए, इटेवर ठेव."

पुढच्या तारखेला दोघी एकाच बसने चांद्याला गेल्या. एकाच बाकावर बसून, एकीच्याच डब्यातल्या वड्या खात, एकमेकींविरुद्धच्या केसला. मी बाईला म्हटलं, आता काढून का घेत नाही? तिला राग आला. "काऊन काढू? माझी बाजू खरी हाय." त्याच फेरीत जावेने तिला हाताला धरून दवाखान्याची पायरी चढवली.

मी कायम झालो आणि लगेच माझी बदली झाली. निघायच्या सकाळी मी सामान एका होल्डॉलमध्ये बांधलं, पेटी रिकामी केली आणि मागे नेऊन ठेवली. बाईने चार विटा तयारच ठेवल्या होत्या. एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं होतं, जाड भिंगाचा चष्मा होता, तरी तिने पेटीवर आधी हातच फिरवला. बुडाला भोकं पाडली, माती भरली, मी त्याच कोचईच्या जावेकडे गेलेल्या धुमाऱ्यातला एक कंद आणून लावला. मग पेटी विटांवर चढवली, तोंड रस्त्याकडे नाही, मोहाकडे करून. पांढरी अक्षरं आता पलीकडच्या अंगणातून दिसत होती. मी उकिडवा बसून खालून हात घातला. आरपार गेला.

"गेला, बाई."

"सरक," बाई म्हणाली, आणि स्वतः बसून तिने हात घालून बघितला.

पलीकडून जाऊ केरसुणी टेकून बघत होती. "काय लिवलं वं त्याच्यावर?"

"बीए."

"म्हंजे?"

बाईने चष्म्यातून पेटीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"म्हंजे," ती म्हणाली, "इटेवर ठेवा लागते."